नवी रजई, जुनी उशी

दिवाळी जवळ आली की दवाखान्यातल्या तक्रारी ठरलेल्या असतात. माळा साफ करताना सुरू झालेल्या शिंका, शिडीवरून उतरताना मुरगळलेला पाय, जागरणाने वाढलेलं पित्त. गेल्या वर्षी मात्र एक वेगळा प्रश्न आला. ओळखीच्या एक बाई मुलाला दाखवायला घेऊन आल्या होत्या. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला दमा आहे, पंप चालू आहे. तपासणी झाली, औषध तेच ठेवलं. उठता उठता त्यांनी मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, यांचा बोनस झालाय. सगळ्यांच्या अंथरुणाचं यंदा एकदाच करून टाकावं म्हणते. हा सेट बघा ना. अँटी-अ‍ॅलर्जी आहे असं दुकानदार म्हणतो. घेऊ का?"

फोटोत मरून रंगाची, सोनेरी नक्षीची जाड रजई होती, चार गुबगुबीत उशा होत्या, दोन लोड आणि चमकदार चादर होती. किंमत बारा हजारांच्या वर. असे दोन सेट घ्यायचा विचार होता. घरात माणसं कोण, ते मला माहीत होतं. नवरा-बायको, हा मुलगा, पाठदुखीने बेजार झालेल्या सासूबाई, आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली नणंद आपल्या चार महिन्यांच्या बाळासह.

मी घाईत "राहू द्या" म्हणालो आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. पण ते उत्तर मलाच पटलं नाही. सणाला घरात काहीतरी नवं यावं असं वाटणाऱ्या बाईला नुसता नकार देण्यात डॉक्टरकी कसली? शिवाय प्रश्न रास्त होता. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण अंथरुणावर काढतो. तिथे पैसे घालण्यात गैर काहीच नाही. ते नेमके कशावर घालायचे, एवढंच ठरवायचं असतं. त्या दिवशी नीट द्यायला हवं होतं ते उत्तर आज देतो.

माझं मत आधीच सांगतो. अंथरुणामुळे तब्येतीचं जे काही भलं व्हायचं असतं, त्यातलं बहुतेक धुण्यातून, वाळवण्यातून आणि झोपणाऱ्या माणसाला शोभेल अशा निवडीतून होतं. नक्षी, जाडी आणि पाकिटावरचे शब्द यांचा त्यात वाटा फार थोडा. म्हणून सणाचे पैसे सगळ्यांच्या एकसारख्या सेटवर उधळू नयेत. घरात कोणाची कोणती वस्तू खराब झाली आहे ते पाहून खर्च करावा.

आता कारणं.

पावसाळ्यानंतरची गादी

आपल्या गादीत आणि उशीत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी राहत असतं. हे ढेकूण नव्हेत. ढेकूण डोळ्यांना दिसतो आणि चावतो. हे धूळकिडे कोळ्याच्या आणि गोचिडीच्या नात्यातले. लांबी मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत, रक्त पीत नाहीत. आपल्या त्वचेचा जो बारीक कोंडा रोज गळतो, त्यावर त्यांची गुजराण चालते. घरातल्या धुळीची अ‍ॅलर्जी म्हणजे बऱ्याच अंशी या किड्यांची अ‍ॅलर्जी, हे नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. गादी झटकली की ते कण हवेत उडतात आणि श्वासावाटे आत जातात. ज्यांना अ‍ॅलर्जी नाही त्यांना काही होत नाही. ज्यांना आहे त्यांना सकाळी उठल्या उठल्या शिंका, डोळ्यांना खाज, नाक चोंदणं, रात्री खोकला, दम लागणं असे त्रास होतात.

या किड्यांची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते पाणी पीत नाहीत. लागणारा ओलावा ते हवेतून शोषून घेतात. त्यामुळे दमट हवेत ते फोफावतात आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर कोरडे पडून मरतात. आता आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. जून ते सप्टेंबर गादीला ऊन नाही, खोलीत कपडे वाळत घातलेले, भिंतींना ओल. म्हणजे पावसाळा संपतो तेव्हा घरातलं अंथरूण या किड्यांनी भरलेलं असण्याची शक्यता मोठी. मुंबई, कोकण आणि गोव्यात हा त्रास अधिक. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तुलनेने कमी.

आपल्या आज्या-पणज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, पण वेळ अचूक साधली होती. पश्चिम महाराष्ट्रात या कामाला 'दसरा काढणं' म्हणतात. घट बसण्याच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या, वाकळी, चादरी, घोंगड्या बाहेर काढायच्या, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन आपटून धुवायच्या आणि दिवसभर कडक उन्हात वाळवायच्या. पाऊस सरलेला असतो, ऊन तापायला लागलेलं असतं. याहून चांगला मुहूर्त आजचं विज्ञानही सांगू शकणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये सतरंज्यांसारखे जाड गालिचे थेट उन्हात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांतले धूळकिडे मेलेले आढळले. मात्र ऊन किडे मारतं, त्यांची विष्ठा तिथेच राहते. ती जायला धुणंच लागतं. म्हणून नुसतं वाळवणं अर्धं काम, धुऊन वाळवणं पूर्ण काम.

शहरात ओढा नाही, गच्चीला कुलूप आहे, बाल्कनीत ऊन दोन तास. तरीही आठवड्यातून एकदा चादरी आणि अभ्रे धुणं जमण्यासारखं आहे. साठ अंशांच्या पाण्यात धुतलं तर किडेही मरतात. ज्यांच्या मशीनला पाणी तापवायची सोय आहे त्यांनी ती वापरावी. नसेल तर साध्या पाण्यानेही विष्ठेचे कण बऱ्याच प्रमाणात धुऊन जातात. वर उन्हाची जोड द्यावी.

'अँटी-अ‍ॅलर्जी' या शब्दाचं वजन

मग ज्यांच्यावर हा शब्द छापलेला असतो, त्या वस्तूंचं काय? यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, गादी-उशीवर चढवायच्या घट्ट विणीच्या खोळी, ज्यांतून किडे आणि त्यांचे कण आरपार जात नाहीत. दुसरी, कुठल्याशा द्रव्याचा हात दिलेली रजई किंवा चादर. पहिल्या प्रकारावर चांगले अभ्यास झालेले आहेत. दुकानात आपल्यापुढे येतो तो बहुधा दुसरा.

खोळींच्या अभ्यासांतूनही निकाल सरळ लागत नाही. २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. दमा असलेल्या ११२२ प्रौढांपैकी काहींना खऱ्या खोळी दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या. नुसत्या खोळींमुळे प्रौढांच्या दम्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. त्याच वर्षी अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचंही तेच. पुढे २०१७ मध्ये इंग्लंडमधल्याच संशोधकांनी मुलांकडे पाहिलं. धूळकिड्यांची अ‍ॅलर्जी असलेली आणि दमा बळावून नुकतीच इस्पितळात जाऊन आलेली २८४ मुलं त्यांनी घेतली. वर्षभरात खऱ्या खोळी मिळालेल्यांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना दम्यासाठी पुन्हा इस्पितळ गाठावं लागलं. साध्या खोळी मिळालेल्यांत हेच प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं.

याचा अर्थ मी असा लावतो. तपासणीत धूळकिड्यांची अ‍ॅलर्जी ठरलेली आहे आणि दमा वारंवार बळावतो आहे, अशा मुलाच्या गादीला आणि उशीला चेन असलेल्या, पूर्ण बंद होणाऱ्या खोळी घेणं हा विचार करण्याजोगा खर्च आहे. तोही औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. बाकी घराला त्यांची गरज नाही. आणि 'अँटी-अ‍ॅलर्जी' छापलेली सोनेरी रजई या अभ्यासांच्या पुण्याईवर विकली जात असेल, तर ती पुण्याई तिची नाही.

उशीचं वय

सणाच्या खरेदीत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती उशी. नवा अभ्रा चढवला की ती नवी दिसते. अभ्रा काढून एकदा आतली उशी उजेडात पाहा. पिवळे डाग, तेलाचा वास, एका बाजूला गोळा झालेला कापूस. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००६ मध्ये दीड ते वीस वर्षं वापरलेल्या दहा उशा तपासल्या. प्रत्येक उशीत ४ ते १६ जातींच्या बुरशा निघाल्या. निरोगी माणसाने घाबरून जावं असं यात काही नाही. बुरशी सगळीकडेच असते. पण दम्याच्या मुलाचं नाक रात्रभर त्याच उशीत खुपसलेलं असतं, हे विसरू नये.

तेव्हा घरातल्या उशा ओळीने मांडा. जी दुमडली की दुमडलेलीच राहते, जिच्यात गाठी झाल्या आहेत, जी धुता येत नाही आणि जिला वास येतो, ती बाद. त्या जागी साधी, धुता येणारी उशी आणा. उंची अशी असावी की कुशीवर झोपल्यावर मान खांद्यांच्या रेषेत सरळ राहील. चार गुबगुबीत उशांचा ढीग मानेला त्रासच देतो. रात्री त्यांतल्या तीन खुर्चीवर जाऊन बसतात, हा तर सगळ्यांचा अनुभव आहे.

कापसाची गादी असेल तर आणखी एक मार्ग आहे. गादी फोडून, कापूस पिंजून, नवी खोळ घालून घ्यायची. पिंजारी आता दारोदार फिरताना क्वचित दिसतो, पण बाजारात यंत्रावर पिंजून देणारी दुकानं आहेत. नव्या गादीच्या मानाने हे स्वस्त पडतं आणि गादी पुन्हा फुलते. पिंजताना धूळ फार उडते, म्हणून दम्याच्या माणसाला तिथे नेऊ नये.

सासूबाईंची पाठ

पाठ दुखत असेल तर कडक गादीवर झोपा, नाहीतर थेट फळीवर, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आम्ही डॉक्टरांनीही ते सांगितलं आहे. २००३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांची दुखणी अधिक कमी झाली होती. म्हणजे फार मऊ नको तशी फार कडकही नको. पडल्यावर खड्डा पडू नये, पण खांदा आणि खुबा जरासे रुतावेत, इतपत.

गादीवर 'ऑर्थोपेडिक' लिहिलेलं असतं. हा शब्द कोणी कुठल्या गादीवर छापावा याचं ठरलेलं वैद्यकीय माप नाही. सासूबाईंना दुकानात न्यावं, चप्पल काढून दहा मिनिटं त्यांच्या नेहमीच्या कुशीवर झोपवावं आणि त्यांना विचारावं. उठता-बसता येईल इतकी पलंगाची उंची आहे का, तेही पाहावं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गादीच्या आतल्या मालापेक्षा ही उंचीच जास्त महत्त्वाची ठरते. या घरात नव्या गादीची खरी गरज कोणाला असेल तर ती सासूबाईंना. आणि दुकानात जोडप्यासाठी मांडलेल्या सेटमध्ये त्यांच्या एकेरी पलंगासाठी काहीच नव्हतं.

चमक, धागे आणि घाम

आता चादर. माणसाला झोप लागायच्या वेळी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि तिथून उष्णता बाहेर पडते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की हात-पाय ऊबदार असले की झोप लवकर लागते, ती याच कारणाने. अंथरुणाने या कामात आडकाठी करू नये, एवढीच अपेक्षा. साध्या दमट हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा सामावून घेतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही. म्हणून चमकदार, निसरड्या चादरीवर घाम अंगाला चिकटून राहतो. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी पंखा लागतो आणि पहाटे गारवा येतो. अशा हवेला एकच जाड रजई सोयीची नसते. सुती चादर, तिच्यावर सोलापुरी चादर आणि पायाशी घडी घालून ठेवलेली गोधडी, असे थर असले की झोपेतही हात आपोआप हवा तो थर ओढतो.

'थ्रेड काउंट' या आकड्याचा फार बाऊ करू नये. एक चौरस इंच कापडात उभे-आडवे मिळून किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्या जागेत मावणाऱ्या धाग्यांना मर्यादा असते. मग दोन-तीन पदरांचा पीळ दिलेला एकच धागा दोन किंवा तीन म्हणून मोजला की आकडा हजारावर जातो. कापड तेच राहतं. 'बांबू'चंही तसंच. त्यातलं बहुतेक कापड म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायनांच्या मदतीने काढलेलं रेयॉन. ते मऊ असतं, वाईट नसतं, पण बांबूचे म्हणून सांगितले जाणारे जंतुनाशक गुण त्यात उरलेले नसतात. असे दावे करणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून कारवाया केल्या आहेत.

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी. नवी चादर घडी मोडून थेट अंथरू नका. सुरकुत्या पडू नयेत म्हणून काही कापडांवर जी प्रक्रिया करतात, तिच्यात फॉर्माल्डिहाइड असतं. काहींच्या त्वचेला त्याने खाज सुटते, पुरळ येतं. एकदा धुऊन वाळवली की वासही जातो आणि धोकाही पुष्कळ कमी होतो. लक्ष्मीपूजनाला घालायची चादर वसुबारसेला धुऊन ठेवावी.

बाळाला काहीच नको

या लेखातली सगळ्यात गंभीर गोष्ट इथे सांगायची आहे. दिवाळीत बाळासाठीही सेट मिळतात. मऊ गादी, छोटी रजई, कडेने लावायचे गुबगुबीत लोड, आणि आपल्याकडची राईची उशी. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ती देतात. प्रेमाने देतात. पण एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी यांतलं काहीही नसावं, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा स्पष्ट सल्ला आहे. बाळाला पाठीवर झोपवावं. खाली सपाट, घट्ट गादी आणि त्यावर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, रजई, लोड, मऊ खेळणी काही नाही. बाळाचं तोंड मऊ वस्तूत रुतलं तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू साधारण निम्म्यावर आले.

मग डोक्याच्या आकाराचं काय? पाळण्यात बाळाच्या डोक्याची बाजू रोज बदलावी, आणि जागं असताना कोणीतरी जवळ बसून त्याला थोडा वेळ पोटावर खेळवावं. थंडी वाटत असेल तर अंगावर कपड्यांचा एक थर वाढवावा. आत्या-मावश्यांना बाळासाठी काही आणायचंच असेल तर दोन जास्तीच्या सुती चादरी आणाव्यात. त्या रोज लागतात.

धुणार कोण?

त्या बाईंनी दाखवलेल्या फोटोत, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती: फक्त ड्रायक्लीन. मला विचाराल तर सगळा निर्णय त्या ओळीपाशी होतो. ड्रायक्लीनचा खर्च आणि खेप लक्षात घेता ती रजई वर्षातून एकदा धुतली जाईल, पुढच्या वर्षी तीही नाही. घरी धुवायची म्हटलं तर भिजल्यावर दोघांना उचलवत नाही. सहा-सात किलोचं मशीन तिला पेलत नाही. बाल्कनीतल्या दोरीवर ती दोन दिवस आतून ओलीच राहते. दिसायला महाल, पण धूळकिड्यांना मात्र बारमाही घर.

आपण अंथरूण निवडतो तेव्हा झोपणाऱ्याचा विचार करतो, धुणाऱ्याचा करत नाही. बहुतेक घरांत धुणारी एक बाई असते, घरची किंवा कामाला येणारी. तिच्या मनगटाला, तिच्या कमरेला झेपेल आणि तिच्या आठवड्यात बसेल, तेच अंथरूण स्वच्छ राहतं. माझ्या लेखी हाच चांगल्या चादरीचा पहिला निकष. दुसरा निकष, प्रत्येक पलंगाला चादरींचे किमान दोन जोड असावेत. एकच जोड असेल तर धुणं पावसावर आणि उन्हावर अडून राहतं.

मग सणाचं काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. सगळंच तब्येतीच्या तराजूत तोलायचं का? वर्षभर काटकसर करून दिवाळीला घर सजवावं, पाहुणे आले की पलंगावर नवी चादर दिसावी, पोरांनी नव्या कापडाच्या वासात लोळावं, यालाही काही किंमत आहे की नाही? आहे. मला ती मान्य आहे. आनंद हा काही फालतू खर्च नव्हे. नीट घातलेल्या स्वच्छ अंथरुणावर मन निवतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आनंदासाठी घ्यायचं ते आनंदासाठी म्हणून घ्यावं. एक सुंदर चादर घ्या, हौसेने घ्या. पण तिला औषधाचं नाव देऊन दहा हजार जास्त मोजू नका, आणि त्यासाठी हप्ते तर मुळीच बांधू नका. मुलाचा दमा दाखवून आईच्या काळजीवर केलेला धंदा मला खटकतो. काळजी करणारं माणूस घासाघीस करत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि जुन्याचं काय करायचं, तेही सांगतो. दिवाळीला आपण जुनं अंथरूण कामाच्या मावशींना किंवा रखवालदाराला देतो. चादर, सोलापुरी, गोधडी असेल तर धुऊन, वाळवून, घडी घालून द्यावी. पण आपल्या मुलाला नको म्हणून काढलेली डागाळलेली उशी दुसऱ्याच्या मुलाच्या डोक्याखाली देऊ नये. ती कचऱ्यातच जायला हवी. द्यायचंच असेल तर त्यांच्यासाठीही एक नवी उशी घ्यावी. बारा हजारांच्या विचारात ती सहज बसते.

त्या बाईंना मी दोन दिवसांनी फोन केला आणि हे सगळं जमेल तसं सांगितलं. माझा क्रम असा होता: आधी मुलाची उशी आणि त्याच्या गादी-उशीच्या खोळी, मग सासूबाईंची गादी, मग प्रत्येक पलंगाला सुती चादरींचा दुसरा जोड, बाळाला दोन साध्या चादरी, आणि उरलेल्या पैशांत त्यांच्या आवडीची एक चादर. त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांचं वेगवेगळं. दुकानदाराला आवडायचं नाही."

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. मुलाचा दमा काही नाहीसा झाला नव्हता, आणि तसा तो होतही नाही. पंप चालूच आहे. सासूबाईंची गादी आली होती. राईच्या उशीवरून घरात दोन दिवस वाद झाला आणि शेवटी नणंदेनेच ती उचलून माळ्यावर ठेवली. मी विचारलं, "आणि तुमच्या आवडीची चादर?"

"घेतली ना," त्या म्हणाल्या. "मरूनच घेतली. सुती आहे, सोनेरी काठाची. आत्तापर्यंत तीनदा धुतली, रंग गेला नाही."